मोटरीचे कान आणि डोळे

तेल्याच्या घाण्याला जुंपलेला बैल डोळ्यांवर फडकें बांधून सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरत असतो. हांकणारा मनुष्य फेऱ्यांचा हिशेब ठेवतो आणि बैल मुकाट्यानें पावलें टाकतो. एखाद्या फेरींत बैलाचा पाय घसरला, किंवा घाणा अडकून तो जागच्या जागीं थबकला, आणि त्याच वेळीं हांकणाऱ्याचें लक्ष दुसरीकडे असलें, तर हिशेबांतली फेरी मात्र पुरी होऊन जाते. कारण मोजले जातात ते दिलेले हुकूम. चाललेली वाट कोणी मोजीत नाहीं. हल्लींच्या कारखान्यांत असंख्य यंत्रांचीं टेबलें, सुया आणि झडपा ज्या मोटरीच्या बळावर हालतात, त्या स्टेपर मोटरीची मूळची अवस्था थेट या बैलासारखी असते.

श्रोत्यांनीं एक लहानसा कारखाना डोळ्यांपुढें आणावा. पितळेच्या पट्ट्यांना ओळीनें भोंकें पाडण्याचें काम तेथें चाललें आहे. पट्टी ज्या टेबलावर आवळलेली आहे तें टेबल आट्यांच्या दांड्यानें पुढेंमागें सरकतें. दांड्याचा एक फेरा झाला कीं टेबल ५ मिलिमीटर पुढें जातें. सकाळीं पाडलेलीं भोंकें निर्दोष उतरतात. दुपारनंतर पितळेचा कीस आट्यांत सांचूं लागतो, टेबल जड होतें, आणि भोंकें थोडथोडीं सरकूं लागतात. संध्याकाळीं तपासणी होते तेव्हां पेटीभर माल वायां गेलेला असतो. यंत्रानें मात्र दिवसभरांत एकदांही तक्रार केलेली नसते. त्याच्या हिशेबीं प्रत्येक भोंक ठरलेल्या जागींच पडलेलें असतें. यंत्र खोटें बोललें असें म्हणतां येणार नाहीं. त्याला जेवढें ऐकावयास आणि पाहावयास शिकविलें होतें तेवढ्यावरच त्यानें विश्वास ठेवला. तेव्हां प्रश्न यंत्राच्या प्रामाणिकपणाचा नसून त्याला कान आणि डोळे कोणी व कसे बसवून दिले याचा आहे.

पूर्वीं अशी मोटर एका जागीं, तिला प्रवाह पुरविणारी पेटी दुसऱ्या जागीं आणि तिला हुकूम देणारा नियंत्रक तिसऱ्या जागीं, असा प्रकार असे. आणि या तिघांच्या मध्यें तारांचें जाळें पसरलेलें असे. एकत्र बांधणीच्या मोटरींत ही सारी सामग्री मोटरीच्याच पाठीवर एका डबींत बसविलेली असते. बाहेरून वीज द्यावयाची, एका तारेनें संगणकाशीं बोलणें सुरू करावयाचें आणि उरलेल्या थोड्या तारा खटक्यांना जोडावयाच्या, एवढेंच काम उरतें. अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांतील मार्लबरो येथील इंटेलिजंट मोशन सिस्टिम्स या कंपनीनें ‘एमड्राइव्ह’ या नांवाची अशी एक मालिका बाजारांत आणली. २००८ सालीं ती कंपनी फ्रान्समधील श्नायडर इलेक्ट्रिककडे गेली. पुढील विवेचनांत येणारे आंकडे मुख्यतः त्या मालिकेंतील ‘एमड्राइव्ह प्लस’ या मोटरीचे आहेत. परंतु आंकडे बदलले तरी तत्त्व बदलत नाहीं. कोणत्याही कंपनीची अशी मोटर हातीं आली तरी विचारावयाचे प्रश्न हेच असतात.

प्रथम या मोटरीची चाल समजून घेतली पाहिजे. तिच्या फिरत्या गाभ्याच्या कडेला ५० दांते असतात आणि भोंवतालच्या वेटोळ्यांत प्रवाह पाळीपाळीनें फिरविला जातो. प्रवाहाचीं चार पावलें झालीं कीं गाभा एक दांता पुढें सरकतो. पन्नास दांते आणि प्रत्येकीं चार पावलें, म्हणजे एका फेऱ्यांत २०० पावलें, व एका पावलाला १.८ अंश. या पावलाचेही आणखी भाग पाडतां येतात. वेटोळ्यांतील प्रवाह एकदम न बदलतां कमीअधिक प्रमाणांत बदलीत नेला, तर एका पावलाचीं २५६ सूक्ष्म पावलें होतात, आणि एका फेऱ्याचीं ५१,२००. हा आंकडा पाहून भुलून जाण्याचें मात्र कारण नाहीं. सूक्ष्म पावलांनीं चाल मऊ होते, खडखड कमी होते. पण ५१,२०० हुकूम दिले म्हणजे गाभा ५१,२०० ठिकाणीं अचूक थांबला असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

आतां भार वाढला म्हणजे काय होतें तें पाहावें. भार ओढतांना गाभा चुंबकाच्या ओढीमागें किंचित् रेंगाळतो. एका पूर्ण पावलाइतका तो मागें राहिला कीं मोटर आपलें सर्व बळ लावीत असते. त्याहूनही मागें पडला तर बळ कमी कमी होत जातें, दोन पावलांच्या अंतरावर तें संपतें, आणि मग गाभा पुढच्या दांत्याऐवजीं मागच्या दांत्याच्या स्वाधीन होतो. म्हणूनच स्टेपर मोटर हुकते तेव्हां ती केसभर हुकत नाहीं. ती एक संपूर्ण दांता, म्हणजे ७.२ अंश, किंवा त्याच्या पटींत हुकते. वरील टेबलाच्या हिशेबांत एक दांता म्हणजे नेमका ०.१ मिलिमीटर. दुपारभरांत दहा दांते हुकले तर भोंक एक मिलिमीटर सरकलें. कारखान्यांतल्या त्या पेटीभर मालाचें रहस्य एवढेंच आहे.

या आंधळ्या बैलाला जगाची वार्ता पोंचविण्याचे मार्ग दोन. एक इनपुट आणि दुसरा एन्कोडर. इनपुट हे तिचे कान होत आणि एन्कोडर हा तिचा डोळा होय.

कानांचा विचार आधीं करूं जातां असें दिसतें कीं, इनपुटच्या तारेला दोनच शब्द कळतात: दाब आहे, आणि दाब नाहीं. या दोन शब्दांचा अर्थ काय समजावयाचा हें तारेला ठाऊक नसतें. तें मोटरीला सांगून ठेवावें लागतें. हें सांगणें म्हणजेच इनपुटची मांडणी. तींत चार गोष्टी ठरवावयाच्या असतात.

पहिली गोष्ट तारेचें काम. एखाद्या तारेला कांहींच विशेष काम दिलें नाहीं तर ती सर्वसाधारण तार राहते. तिच्यावर काय आलें याची विचारपूस कार्यक्रमानें केली तरच तिला किंमत. परंतु त्याच तारेला ‘पुढची सीमा’, ‘मागची सीमा’, ‘मूळस्थान’ किंवा ‘थांबा’ असें नांव दिलें, तर मोटर कोणाच्या हुकुमाची वाट न पाहतां त्या तारेचें ऐकते. टेबलाच्या दोन्ही टोंकांना बसविलेले खटके हे सीमांचे पहारेकरी होत. टेबल खटक्यावर आलें कीं त्या दिशेची गति बंद पडलीच पाहिजे. येथें एक चूक फार सहज घडते. पुढच्या टोंकाच्या खटक्याची तार ‘मागची सीमा’ म्हणून नोंदली जाते, आणि मागच्याची ‘पुढची’ म्हणून. कागदावर सर्व कांहीं यथास्थित दिसतें. परंतु टेबल पुढें धांवत जाऊन खटक्यावर आदळतें तेव्हां मोटरीला वार्ता मिळते ती मागची सीमा आल्याची. ती तर पुढें जात असते! मग ती आपली वाट सोडीत नाहीं, आणि टेबल लोखंडी अडणीवर जाऊन थडकतें. दोन्ही खटके शाबूत, दोन्ही तारा शाबूत, आणि तरीही अपघात.

दुसरी गोष्ट प्रवाहाच्या दिशेची. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं साध्या खटक्याऐवजीं धातु जवळ येतांच जागा होणारा संवेदक बसवितात. त्याच्या दोन जाती. एका जातीचा संवेदक जागा झाला म्हणजे तारेंत दाब सोडतो, तो नळासारखा. दुसऱ्या जातीचा जागा झाला म्हणजे तारेंतला दाब जमिनीकडे ओढून घेतो, तो मोरीसारखा. पहिल्याला बाजारांत पी-एन-पी म्हणतात आणि दुसऱ्याला एन-पी-एन. नळाला मोरी हवी आणि मोरीला नळ हवा, हें सांगावयास नको. पी-एन-पी संवेदक असेल तर इनपुटानें प्रवाह गिळला पाहिजे. एन-पी-एन असेल तर इनपुटानें तो पुरविला पाहिजे. दोन नळ तोंडाशीं तोंड लावून जोडले तर पाणी वाहत नाहीं, आणि दोन मोऱ्या जोडल्या तरीही वाहत नाहीं. नवशिका कारागीर अशा वेळीं संवेदक बिघडला समजून तीन संवेदक बदलतो. दोष मात्र मांडणींतील एका अक्षराचा असतो. याहून वाईट प्रकार म्हणजे कोठेंच पक्की न टेकलेली, लोंबकळती तार. शेजारून मोटरीचा जोरदार प्रवाह गेला कीं तिच्यांत आपोआप खोटे इशारे उठतात, आणि ज्या खटक्याला कोणी हातही लावला नाहीं तो दाबला गेल्याची वार्ता मोटरीच्या कानीं पडते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दाब असणें ही संकटाची खूण मानावयाची, कीं दाब नसणें ही? वरवर पाहणाऱ्यास दोन्ही सारखेंच वाटेल. पण रात्रीच्या पहारेकऱ्याचा दाखला घ्यावा. एका गांवानें पहारेकऱ्याला सांगितलें, ‘चोर दिसला तर ओरड.’ दुसऱ्या गांवानें सांगितलें, ‘सर्व ठीक आहे तोंपर्यंत हाळी देत राहा.’ पहिल्या गांवचा पहारेकरी झोंपी गेला तर गांव निर्धास्त झोंपतो. शांतता म्हणजे कुशल असाच त्याचा समज असतो. दुसऱ्या गांवचा पहारेकरी झोंपला तर हाळी बंद पडतांच गांव जागा होतो. सीमेचे खटके दुसऱ्या गांवच्या रीतीनें जोडावे. खटका मोकळा असतांना त्यांतून प्रवाह वाहत राहावा आणि टेबल त्यावर आलें म्हणजे तो तुटावा. आणि मोटरीला ‘प्रवाह नसणें म्हणजे सीमा’ असें सांगून ठेवावें. मग उंदरानें तार कुरतडली, स्क्रू सैल होऊन टोंक सुटलें, किंवा सफाई करतांना कोणाचा पाय अडकून तार उपटली, तरी मोटर जागच्या जागीं थांबते. काम खोळंबतें हें खरें. पण खोळंबलेलें काम दुरुस्त होतें, आणि चिरडलेलें बोट दुरुस्त होत नाहीं. उलट रीतीनें जोडलेला खटका वर्षभर निकामी पडून राहील, आणि त्याची गरज ज्या क्षणीं लागेल त्याच क्षणीं तें कळेल.

चौथी गोष्ट कानांच्या चाळणीची. धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले म्हणजे ते एकदम स्वस्थ होत नाहींत. कांहीं सहस्रांश सेकंद ते थडथडतात. मोटरीचें कान इतके तीक्ष्ण असतात कीं एका दाबण्याचे तिला दहावीस दाबणीं ऐकूं येतात. यासाठीं चाळणी लावतात: इशारा अमुक सहस्रांश सेकंद टिकला तरच तो खरा मानावा. पण चाळणी फुकट मिळत नाहीं. टेबल सेकंदाला १०० मिलिमीटर धांवत असेल आणि चाळणी १० सहस्रांश सेकंदांची असेल, तर वार्ता पटेपर्यंत टेबल एक मिलिमीटर पुढें गेलेलें असतें. चाळणी ५० केली तर पांच मिलिमीटर. म्हणून खटका आणि लोखंडी अडणी यांमध्यें सोडावयाचें अंतर ठरवितांना थांबावयास लागणाऱ्या अंतराबरोबर ही उधारीही जमेस धरावी लागते. ज्या तारेवर क्षणार्धांत जागा टिपून घ्यावयाची आहे तिला चाळणी न लावणेंच बरें; ज्या तारेवर माणसाच्या बोटानें दाबावयाची कळ आहे तिला ती खुशाल लावावी.

कानांचा विषय सोडण्यापूर्वीं एक मर्यादा सांगितली पाहिजे. ‘थांबा’ असें नांव दिलेलें इनपुट म्हणजे संकटसमयींची कळ नव्हे. तें इनपुट मोटरीच्या डोक्याला विनंति करतें. आणि डोकेंच भांबावलें असेल तर विनंति कोण ऐकणार? संकटाची लाल कळ मोटरीच्या डोक्यावर भरंवसा न ठेवतां स्वतंत्र सुरक्षा-जोडणीनें शक्ति तोडणारी असली पाहिजे. परंतु येथेंही विचार हवा. टेबल आडवें असेल तर वीज तुटतांच तें थांबतें. मोटर जर उभ्या दांड्यावर वजन तोलून धरीत असेल, तर वीज तुटतांच तिचें धरणें सुटतें आणि वजन खालीं येऊं शकतें. अशा ठिकाणीं वीज गेली कीं आपोआप आवळणारा ब्रेक लावल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां डोळ्याकडे वळावें. एन्कोडर म्हणजे मोटरीच्या दांड्यावर बसविलेली एक पातळ तबकडी. तिच्या कडेला सारख्या अंतरावर रेघा असतात. एका बाजूनें प्रकाश पडतो आणि दुसऱ्या बाजूस प्रकाश टिपणारे दोन झरोके असतात. तबकडी फिरली कीं रेघांमागून रेघा झरोक्यांवरून सरकतात व प्रकाशाची उघडझांप होते. झरोके दोन कशाला? एकच झरोका असता तर रेघ सरकली एवढेंच कळलें असतें. कोणत्या दिशेला, हें कळलें नसतें. दाराच्या आंत एक आणि बाहेर एक असे दोन द्वारपाल उभे केले, तर आधीं कोणाला मनुष्य दिसला यावरून तो आंत आला कीं बाहेर गेला हें ओळखतां येतें. तसेच हे दोन झरोके रेघेच्या पाव अंतरानें मागेंपुढें ठेवलेले असतात. या योजनेचा आणखी एक लाभ असा कीं, प्रत्येक रेघेमागें उघडझांपीचे चार प्रसंग मोजतां येतात. तबकडीवर ५१२ रेघा असल्या तर एका फेऱ्यांत २,०४८ मोजण्या मिळतात. ५ मिलिमीटरच्या दांड्यावर एक मोजणी म्हणजे सुमारें ०.००२४ मिलिमीटर.

डोळा बसविलेला असला तरी तो उघडावा लागतो. एमड्राइव्हमध्यें त्यासाठीं दोन अक्षरांचा एक हुकूम आहे. तो दिला कीं मोटर एन्कोडरकडे लक्ष देऊं लागते. परंतु त्याच क्षणीं एक अदृश्य बदल होतो, आणि तो ध्यानांत न घेतल्यानें पुष्कळांची फजिती झालेली आहे. डोळा मिटलेला असतांना मोटर सूक्ष्म पावलांच्या भाषेंत बोलत असते. डोळा उघडतांच ती एन्कोडरच्या मोजण्यांच्या भाषेंत बोलूं लागते. एका फेऱ्यास आधीं ५१,२०० लागत, आतां २,०४८ लागतात. प्रमाण बरोबर पंचवीसपट. जुन्या कार्यक्रमांत ‘५१,२०० पुढें जा’ असा हुकूम राहून गेला असेल तर टेबल ५ मिलिमीटरऐवजीं १२५ मिलिमीटर जाऊं पाहतें. वेगाचेंही तसेंच. ‘सेकंदाला ५१,२००’ याचा अर्थ आधीं मिनिटाला ६० फेरे असा होता, तो आतां १,५०० फेरे असा होतो. आण्यांत लिहिलेला हिशेब रुपयांत वाचला म्हणजे सावकाराच्या घरीं जो गोंधळ उडतो तोच येथें उडतो. फरक इतकाच कीं येथें वहीच्या जागीं लोखंड धांवत असतें. म्हणून डोळा उघडण्यापूर्वीं अंतर, वेग, वेगवाढ आणि वेगघट हे चारही आंकडे पुन्हां लिहून काढावे, आणि मगच मोटरीला हालण्याची परवानगी द्यावी.

एन्कोडर मोटरीच्या पोटांतला नसून बाहेरून जोडलेला असेल तर आणखी एक परीक्षा करावी लागते. मोटर पुढें जात असतां एन्कोडरचे आंकडे वाढले पाहिजेत. ते घटत असतील तर दोन झरोक्यांच्या तारांची अदलाबदल झालेली आहे. अशा स्थितींत मोटरीला आपली चूक दुरुस्त करण्याची मुभा दिली, तर ती जितकी दुरुस्ती करील तितकी चूक वाढेल. चूक वाढलेली पाहून ती आणखी जोरानें दुरुस्ती करील. उलट्या आरशांत पाहून दाढी करणाऱ्या माणसाच्या हातीं वस्तरा दिल्यासारखाच हा प्रकार होय.

यापुढें ठरवावयाची गोष्ट म्हणजे मोटर हुकली असें केव्हां समजावें. हुकूम आणि प्रत्यक्ष जागा यांत अमुक मोजण्यांहून अधिक फरक पडला म्हणजे मोटर अडली असें मानावें, अशी एक मर्यादा मोटरीला सांगतां येते. ती किती असावी, याचें उत्तर मघांच्या दांत्यांच्या विवेचनांतच आहे. निरोगी मोटरही भाराखालीं एका पावलापर्यंत रेंगाळते. एक पाऊल म्हणजे सुमारें १० मोजण्या. खरोखर हुकलेली मोटर निदान एक दांता मागें पडते. एक दांता म्हणजे सुमारें ४१ मोजण्या. तेव्हां मर्यादा या दोहोंच्या मध्यें, १५ ते २० च्या आसपास, ठेवणें शहाणपणाचें. ती ५ वर ठेवली तर मोटर प्रत्येक जोराच्या ओढीला ‘मेलें, मेलें’ म्हणून ओरडेल, आणि कंटाळलेला कारागीर ती सूचनाच बंद करून टाकील. मग डोळा असून नसल्यासारखा. ती २०० वर ठेवली तर चार दांते हुकेपर्यंत मोटर मौन धरील. सूचना फार येणें आणि मुळींच न येणें या दोहोंचा परिणाम अखेरीस एकच होतो.

हुकल्याचें कळल्यावर काय करावयाचें, हेंही आधींच ठरवून ठेवावें लागतें. थांबून राहावें, कीं पुढें चालून शेवटीं कसर भरून काढावी? पट्टीला भोंकें पाडणाऱ्या टेबलाच्या बाबतींत गति संपल्यावर जागा तपासून राहिलेलें अंतर पुरें करण्याची सवय मोटरीला लावतां येते. त्यासाठीं किती फरक चालेल याची एक सूट ठरवून द्यावी लागते. सूट अगदीं शून्य ठेवली तर मोटर एका मोजणीसाठीं पुढें, एका मोजणीसाठीं मागें अशी अखंड चुळबूळ करीत बसते आणि तापते. चारदोन मोजण्यांची सूट दिली कीं ती शांत होते. परंतु जेथें वाटेंत माणसाचा हात येण्याचा संभव आहे, तेथें कसर भरून काढणारी मोटर हा गुण नसून दोष आहे. अडथळा लागला असतां तेथें तिनें थांबावें हेंच इष्ट. अडथळ्याला पुन्हां पुन्हां ढकलण्याची चिकाटी तिला शिकवूं नये.

डोळा कोठें बसला आहे हें विसरून चालत नाहीं. मोटरीच्या दांड्यावरचा एन्कोडर मोटरीचा दांडा पाहतो. टेबल पाहत नाहीं. दांड्याला आट्यांशीं जोडणारा सांधा घसरला, किंवा आटे झिजून त्यांत सैलपणा आला, तर एन्कोडर पूर्ण समाधानानें ‘ठीक आहे’ म्हणत राहील, आणि भोंकें सरकत राहतील. हा दोष टाळावयाचा असेल तर डोळा टेबलावरच बसविला पाहिजे, किंवा निदान नेहमीं एकाच दिशेनें जागेवर येण्याची पद्धति ठेविली पाहिजे.

शेवटचा प्रश्न सकाळचा. रात्रीं वीज बंद झाली. सकाळीं मोटर जागी होते तेव्हां साधा एन्कोडर आपण कोठें आहों हें सांगूं शकत नाहीं, कारण तो हालचाल मोजतो, जागा ओळखीत नाहीं. यासाठीं रोज प्रथम मूळस्थान शोधावें लागतें. टेबल सावकाश मूळस्थानाच्या खटक्याकडे जातें, खटका लागतांच मागें फिरतें आणि अगदीं हळू गतीनें त्याची कड गांठतें. परंतु खटक्याची कड उष्णतेनें, झिजेनें, केरानें थोडी इकडेतिकडे होतेच. म्हणून तबकडीवर नेहमींच्या रेघांखेरीज एक एकटी रेघ असते. ती प्रत्येक फेऱ्यांत एकदांच दिसते. खटक्यानें गल्ली दाखवावी आणि या रेघेनें घर दाखवावें, अशी ही योजना. मात्र खटका अशा जागीं बसवावा कीं, तो लागल्यावर ती रेघ सुमारें अर्ध्या फेऱ्यावर असावी. ती अगदीं खटक्याच्या कडेशींच पडली, तर एके दिवशीं ती कडेच्या अलीकडे आणि दुसऱ्या दिवशीं पलीकडे सांपडेल, आणि मूळस्थान एकदम ५ मिलिमीटरनें चुकेल.

या सर्व मांडणीवर पाणी पाडणारी एक क्षुल्लक चूक आहे. मोटरीला सांगितलेल्या गोष्टी तिच्या तात्पुरत्या स्मरणांत राहतात. साठविण्याचा हुकूम दिल्यावांचून त्या कायमच्या स्मरणांत जात नाहींत. कारागिरानें दुपारभर खपून सीमा ठरविल्या, त्यांची परीक्षा घेतली, सर्व ठीक आहे असें पाहून तो समाधानानें घरीं गेला. रात्रीं वीज बंद झाली आणि सकाळीं मोटर आदल्या दिवसाचा सारा उपदेश विसरून उठली. आतां सीमेच्या तारा तिच्या लेखीं पुन्हां साध्या तारा झाल्या. कालची यशस्वी परीक्षा आठवून कारागीर निःशंक मनानें वेग वाढवितो, आणि टेबल अडणीवर आदळतें. म्हणून जाणते लोक मांडणी साठवितात, वीज मुद्दाम बंद करून पुन्हां सुरू करतात, आणि परीक्षा नंतरच घेतात.

ती परीक्षाही सोपी आहे. सुरक्षा-जोडणी आपलें काम करीत असतां, मोटरीचा प्रवाह कमी ठेवावा, वेग अत्यंत मंद ठेवावा, टेबल मधोमध आणावें. तें पुढें चालत असतां आट्यांपासून आणि टेबलापासून दूर राहून, लांकडी काठीनें पुढचा खटका दाबावा. टेबल थांबलें पाहिजे. मागच्या खटक्याचेंही तसेंच करावें. मग एकेका सीमेची तार सोडवून ठेवावी. टेबलानें त्या दिशेला हालण्याचें नाकारलें पाहिजे. शेवटीं एका फेऱ्याचा हुकूम द्यावा आणि टेबल खरोखर ५ मिलिमीटर गेलें कीं नाहीं हें मोजपट्टीनें पाहावें. कोणती तार कोणत्या कामाची, कोणत्या स्थितींत ती बोलते, चाळणी किती, मर्यादा किती, हें सर्व यंत्राजवळच्या वहींत लिहून ठेवावें. कारण यंत्र दुरुस्त करणारा उद्यां दुसराच कोणी असेल.

इतकें केल्यावर त्या कारखान्यांतली दुपार कशी जाईल? कीस सांचतो, टेबल जड होतें, आणि पहिला दांता हुकतो. परंतु आतां मोटर पहिल्याच पट्टीला थांबते आणि आपण अडलों असें सांगते. कारागीर आटे साफ करतो, तेल घालतो, मूळस्थान पुन्हां शोधतो व काम पुढें चालूं करतो. पेटीभर मालाऐवजीं एक पट्टी वायां जाते. बैल तोच, घाणा तोच. फक्त त्याच्या डोळ्यांवरचें फडकें काढलेलें असतें, आणि त्याला काय दिसावें व काय ऐकूं यावें हें कोणी तरी नीट विचार करून ठरविलेलें असतें.